‘समजलं ना?’ मधला ‘ना’

वाचकहो, नव्या नोकरीत रुजू झालेल्या माणसाला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणता? ‘जमेल ना?’ आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. तुम्ही दिलं असेल, मीही दिलेलं आहे. पण या एका उत्तरापायी एका हुशार बाईंच्या हातून त्यांचा जीव की प्राण असलेला विषय जायची वेळ आली होती. तीच हकिगत सांगतो.

मॅडम विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागात नुकत्याच लागल्या होत्या. त्यांचा विषय तुळयांचा. तुळईवर भार टाकला की ती कुठे वाकते, किती वाकते आणि कधी मोडते, याचं गणित. या विषयात त्यांनी सहा वर्षं डोकं खपवून डॉक्टरेट मिळवली होती, आणि हाच विषय आपल्याला शिकवायला मिळणार हे कळलं त्या दिवशी नेमणुकीचं पत्र छातीशी धरून त्या चक्क रडल्या होत्या. बसायला जिन्याखालची खोली मिळाली. तिथे एक टेबल, एक कपाट आणि दोन खुर्च्या होत्या. त्यातली डुगडुगणारी खुर्ची त्यांनी पाहुण्यांसाठी ठेवली.

विभागप्रमुख सर माणूस म्हणून वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. त्यांची एक लकब मात्र होती. ते कुणाला बोलावून काम सांगत नसत. जाता जाता दारातून अर्धं अंग आत घालून म्हणत, “मॅडम, वेळापत्रकाचं तेवढं बघाल? जमेल ना?” मॅडम म्हणत, “हो सर.” मग वार्षिक अहवाल आला, प्रवेशअर्जांची तपासणी आली, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आला, परीक्षेच्या बैठकव्यवस्थेचा तक्ता आला. प्रत्येक वेळी तेच अर्धं अंग आणि तेच ‘हो सर’. ऑफिसातल्या मंडळींनी त्यांचं नाव ‘होमॅडम’ ठेवलं. ते त्यांच्या कानावरही आलं, आणि गंमत म्हणजे त्यांना ते कौतुकच वाटलं.

वर्गात बावन्न मुलंमुली होती. मॅडम भरभर शिकवत, फळा सुंदर भरत, आणि प्रत्येक उदाहरण संपलं की वळून विचारत, “समजलं ना?” बावन्न गळ्यांतून एका सुरात “हो मॅडम” येई. मॅडम खुशीत फळा पुसत आणि पुढचं उदाहरण घेत. तयारीला वेळ होता कुठे? वर्गात शिरेपर्यंत डोक्यात मेळाव्याच्या चहापाण्याची यादी घोळत असायची.

चार महिन्यांनी पहिली चाचणी झाली. बावन्नांपैकी अकरा जण पास झाले.

त्या दिवशी सरांनी दारातून डोकं आत घातलं नाही, केबिनमध्ये बोलावलं. आवाज मऊच होता. ते म्हणाले, तीन आठवड्यांनी फेरचाचणी आहे, तोवर बघू. तेव्हाही असंच झालं तर हा विषय पुढच्या सत्रापासून एखाद्या अनुभवी सरांकडे देऊ. तुम्ही विभागाची ही वरची कामं इतकी छान करता, की विभागाला तुमचा उपयोग तिकडेच जास्त होईल. आणि शेवटी त्यांनी विचारलं, “चालेल ना?”

मॅडम म्हणाल्या, “हो सर.”

बाहेर आल्यावर व्हरांड्यात त्यांना कळलं की आपण काय बोलून बसलो! सहा वर्षं ज्या विषयासाठी रक्त आटवलं, तो आपण एका शब्दात देऊन टाकला. तोही हसतमुखाने. नळाशी जाऊन त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि हातातल्या कागदाकडे पाहिलं. दुपारी कार्यशाळेतल्या सामानाची पडताळणी करायची होती. तेही त्यांनीच कधीतरी ‘हो’ म्हणून अंगावर घेतलेलं.

कार्यशाळा विभागाच्या मागच्या अंगाला होती. तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास, आणि रांगेने मांडलेली लेथ यंत्रं, म्हणजे लोखंड गरगर फिरवून कातणारी. तिथले मास्तर तीस वर्षांपासून मुलांना लेथवर लोखंड कातायला शिकवत होते. त्यांच्याकडे पदवी नव्हती, पण विभागातला प्रत्येक प्राध्यापक काही अडलं की तिथेच जाई. मॅडम यादीवर खुणा करत कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटापाशी आल्या. कपाटाच्या दाराला माणसाच्या डोक्याच्या उंचीवर एक खोल पोचा होता. त्यांनी यादीत लिहिलं, ‘नादुरुस्त’.

“तेवढं खोडा, मॅडम,” मास्तर म्हणाले. “कपाट धडधाकट आहे. पोचा मी मुद्दाम ठेवलाय.”

मॅडमनी कारण विचारलं. मास्तरांनी हात फडक्याला पुसले आणि एक लोखंडी किल्ली त्यांच्या हातात दिली. तळहाताएवढ्या लांबीची, चांगली जड. कातायचा तुकडा यंत्रात पक्का आवळायची ही किल्ली. आवळून झालं की ती आधी काढायची आणि मगच यंत्र चालू करायचं. विसरलात, तर ती गोळीसारखी सुटते.

“मी नवा होतो तेव्हा,” मास्तर म्हणाले. “पहिलाच वर्ग. सगळं व्यवस्थित सांगितलं आणि विचारलं, समजलं ना? सगळे म्हणाले, हो सर. पहिल्याच पोराने यंत्र चालू केलं, किल्ली आतच. त्याच्या कानापासून वीतभर अंतरावरून गेली आणि इथे आदळली. रात्री घरी जाऊन मी जेवलो नाही, मॅडम. पोराला शिव्या द्याव्या म्हटलं, तर त्याची चूक काय? मी विचारलंच असं, की त्याला दुसरं उत्तर देता येऊ नये.”

“म्हणजे?”

“‘समजलं का’ विचारलं तर नाही म्हणायला थोडी तरी फट असते. ‘समजलं ना’ म्हटलं की संपलं. तो ‘ना’ समोरच्याच्या तोंडावर हात ठेवतो. नाही म्हणणारा एक तर बावळट ठरणार, नाहीतर उद्धट. मग कोण कशाला बोलेल? त्या दिवसापासून मी ते दोन शब्द टाकले. आता मी विचारतो, किल्ली कुठे आहे? तो मला दाखवतो. त्याच्या खिशात दिसली, की मी यंत्र चालू करू देतो.”

मॅडमनी किल्ली मास्तरांना परत दिली. मग हळूच म्हणाल्या, “मला पण सगळे ‘जमेल ना’ असंच विचारतात, मास्तर.”

“विचारणारच. तुम्ही नव्या आहात. पण तुमच्याकडे सध्या काय काय आहे, हे विचारणाऱ्याला ठाऊक असतं का? त्याला वाटतं हे एकच. तुम्ही एकदा दाखवा तरी, किल्ली कुठे आहे ते.”

यादीतलं ‘नादुरुस्त’ मॅडमनी खोडलं.

मास्तरांचं म्हणणं पटलं होतं, पण डॉक्टरेटची बाई, प्रयोगाशिवाय कशी मान्य करेल? संध्याकाळी घरी पोचल्या तर सात वर्षांची लेक चित्रांत रंग भरत बसलेली. मॅडमनी रोजच्यासारखं विचारलं, “दप्तर भरून झालं ना?” लेकीने मान वर न करता सांगितलं, “हो.” मॅडम उठल्या आणि दप्तर उघडून पाहिलं. आत कालची वह्यापुस्तकं आणि अर्धं खाल्लेलं बिस्कीट. नवरा ताटं मांडत होता, त्याला त्यांनी विचारलं, “गॅस सिलिंडरसाठी फोन केलास ना?” तो म्हणाला, “हो हो.” मॅडम त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. चार सेकंदांनी त्याने मुकाट्याने फोन उचलला. त्या दिवशी पहिल्यांदा मॅडम हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्याला हातच लावला नाही. प्रत्येकाला चतकोर कागद दिला. नाव लिहायचं नाही, या विषयात आपण पहिल्यांदा कुठे अडलो तेवढंच लिहायचं. आधी मुलं एकमेकांची तोंडं बघत राहिली. मग एकेक पेन चालू लागलं. जिन्याखालच्या खोलीत बसून मॅडमनी बावन्न चिठ्ठ्या उलगडल्या. एकतीस चिठ्ठ्यांवर थोड्याफार फरकाने एकच वाक्य होतं: ‘टेकूपाशी बाण वर का काढतात?’

ही तर सत्राच्या दुसऱ्याच दिवशी शिकवायची गोष्ट! तुळई दोन टेकूंवर ठेवली की भार खाली ढकलतो आणि टेकू तिला वर ढकलतो, म्हणून तिथे वर जाणारा बाण. मॅडमना ते इतकं उघड वाटत होतं, की त्यांनी ते कधी समजावून सांगितलंच नव्हतं. आणि पुढचं चार महिन्यांचं सगळं गणित त्या बाणावर उभं होतं.

म्हणजे पहिल्यापासून शिकवायला हवं होतं, आणि हाताशी होते तीन आठवडे. मॅडमनी एक कागद घेतला, आपल्याकडची सगळी कामं एकाखाली एक लिहिली, आणि न बोलावता सरांच्या केबिनमध्ये गेल्या.

“सर, काल मी हो म्हणाले ते चुकीचं होतं,” त्या म्हणाल्या. “विषय दुसऱ्याकडे गेलेला मला चालणार नाही. मुलं कुठे अडलीत ते मला सापडलंय. मी रोज एक तास जादा घेणार आहे. पण ही माझ्याकडची कामं. यातली दोन मी नीट करेन. कोणती दोन, ते तुम्ही ठरवा.”

सरांनी चष्मा लावून कागद वाचला. शेवटाला आल्यावर पुन्हा वरून वाचला. “हे सगळं तुमच्याकडे आहे?”

“तुम्ही प्रत्येक वेळी एकेकच सांगितलंत, सर. मी प्रत्येक वेळी हो म्हणाले. चूक माझीही आहे.”

सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि नऊपैकी सात ओळींवर काट मारली. काट मारता मारता ते म्हणाले, “मी नवा होतो तेव्हा माझ्याकडे अकरा होती. मला वाटलं, असंच असतं.”

त्या दुपारी मॅडमनी मास्तरांकडून एक लांब फळी आणली. दोन मुलांना समोरासमोर उभं करून फळीची दोन टोकं त्यांच्या तळहातांवर ठेवली. मधोमध एकेक दप्तर रचायला सुरुवात केली. पाचव्या दप्तराला मुलांचे हात थरथरायला लागले. मॅडमनी विचारलं, “तुझे हात काय करतायत?” मुलगा दात आवळून म्हणाला, “वर ढकलतायत, मॅडम!” आणि बोलता बोलता त्याच्या डोळ्यांत उजेड पडला. “म्हणजे… बाण वर!” मग मॅडमनी सगळी दप्तरं एका टोकाला सरकवली. तिकडचा मुलगा ओरडला, इकडचा हसायला लागला, आणि कुठल्या टेकूवर किती भार येतो हे कुणाला सांगावं लागलं नाही. बावन्न जणांनी रांग लावून फळी तोलून पाहिली.

तरी सवय सहजी जात नाही. पुढच्या तासाला एक उदाहरण संपवून मॅडम वळल्या आणि तोंडातून गेलंच, “समजलं ना?” स्वतःच थबकल्या. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी, चार महिन्यांत जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता, उभी राहिली आणि म्हणाली, “नाही मॅडम. तिसरी ओळ नाही समजली.”

नेमणुकीचं पत्र मिळाल्यावरही झाला नव्हता, इतका आनंद मॅडमना झाला. त्यांनी तिला पुढे बोलावलं आणि खडू तिच्या हातात दिला.

फेरचाचणीत सगळे पास झाले असं सांगितलं तर तुम्हीच मला खोटं पाडाल. चव्वेचाळीस झाले. आठ राहिले, आणि ते नेमके कुठे अडलेत हे मॅडमना तोंडपाठ होतं. विषय त्यांच्याकडेच राहिला.

पुढच्या सत्रात विभागात एक तरुण प्राध्यापक नव्याने आले. सर त्यांच्या दारापाशी गेले, सवयीने अर्धं अंग आत घातलं आणि म्हणाले, “वेळापत्रकाचं तेवढं बघाल? जमेल…” एवढ्यावर ते अडले. व्हरांड्यातून जाणाऱ्या मॅडमकडे त्यांनी एकदा पाहिलं, पूर्ण आत गेले, समोरची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “आधी सांगा, सध्या तुमच्याकडे काय काय आहे?”

वाचकहो, शाळा असो, कचेरी असो, की आपलं स्वयंपाकघर, आपण सगळेच दिवसातून दहा वेळा त्या ‘ना’ने समोरच्याचं तोंड बंद करतो, आणि दहा वेळा स्वतःचंही बंद करून घेतो. नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकाला माझं सांगणं एवढंच: शिकवाल तिथे दुसऱ्याला ‘नाही’ म्हणायला जागा ठेवा, आणि काम घ्याल तिथे स्वतःला. ‘नाही’ म्हणायची सोय असेल, तरच ‘हो’ खरा असतो.

पटलं का? नसेल पटलं, तर मोकळेपणाने सांगा.