अष्टमी आणि अमावस्या

गुरुदत्त केळुसकर बेहाल्याहून बस आणि मग मेट्रो करून डमडमला मृणालताईंकडे पोहोचले, तेव्हा काम तासाभराचं आहे अशीच त्यांची समजूत होती. तीस वर्षं त्यांनी हुगळी नदीत पायलटचं काम केलं होतं. समुद्रातून आलेल्या जहाजावर चढायचं आणि वाळूचे सरकते पट्टे चुकवत ते बंदरात आणायचं. निवृत्तीनंतर त्यांनी ते सगळं लिहून काढलं होतं. आता मृणालताईंनी ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं, की पुस्तक तयार.

मृणालताई नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे कलकत्त्यात आल्या आणि इथल्याच झाल्या. घरी बसून त्या पुण्याच्या प्रकाशकांसाठी संपादन करत.

"काका, शुद्धलेखन सगळ्यात शेवटी," त्या हस्तलिखित चाळत म्हणाल्या. "भिंती कुठे हव्यात ते ठरायच्या आधी रंग कसा लावायचा?"

पंधरा दिवसांनी त्यांचं अकरा पानी पत्र आलं. त्यात एकही वेलांटी सुधारलेली नव्हती. पुस्तक चौथ्या प्रकरणापासून सुरू करा, बढत्यांची दोन प्रकरणं काढा, नदीबद्दल आणखी लिहा, असं सगळं. गुरुदत्त आधी रागावले. मग त्यांनी ते करून पाहिलं, आणि आपलंच पुस्तक पहिल्यांदा वाचतोय असं त्यांना वाटलं.

त्यानंतर ताई वाक्यांकडे वळल्या. 'जहाज सुरक्षितपणे मार्गस्थ करण्यात आले' यावर काट मारून त्यांनी समासात विचारलं होतं, 'कोणी केलं? तुम्हीच ना? मग तसं म्हणा की.' हळूहळू पानांतून साहेब नाहीसा झाला आणि माणूस बोलू लागला.

पावसाळा सरल्यावर ताईंनी त्यांना पुन्हा बोलावलं. टेबलावर मोठा कागद पसरला होता. पुस्तकातली प्रत्येक तारीख, तिथी, जहाजाचं नाव आणि भरतीची वेळ त्यावर बारीक अक्षरात मांडली होती.

"ही तिसरी फेरी. आता फक्त मेळ बघायचा. एका पानावरची गोष्ट दुसऱ्या पानाला खोटं तर पाडत नाही ना? काका, एक विचारू? आईंबद्दल आहे."

गुरुदत्त सावरून बसले. पुस्तकातलं ते पान त्यांना पाठ होतं. नदीच्या मुखाकडच्या हल्दियाला, जहाजावर चढायच्या वेळी, आई आजारी असल्याचा चिपळूणचा निरोप हातात पडला होता. तरी ते जहाजावर चढले. त्याच दिवशी आई गेली. सव्वीस वर्षं ते हे मनात बाळगून होते.

"तुम्हीच लिहिलंय," ताई हळू आवाजात म्हणाल्या, "की एवढं खोल बुडणारं जहाज फक्त अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीलाच वर आणता येतं. हे जहाज तुम्ही अमावस्येला आणलंत. आणि नवव्या प्रकरणात आईंचं श्राद्ध शुद्ध अष्टमीला करता, असं आहे. अष्टमीला नदीत एवढं पाणीच नसतं ना? मग दोन्ही एकाच दिवशी कसं?"

गुरुदत्त त्या कागदाकडे बघतच राहिले. नदी तिथीवर चालते, हे सगळ्या जगाला सांगणारा माणूस आपल्याच घरातली तिथी चुकला होता. हुगळी कधी बोटीतूनही न पाहिलेल्या ताईंनी त्यांच्याच शब्दांवरून ते हेरलं होतं.

त्यांनी तिथूनच चिपळूणला बहिणीला फोन लावला.

"मंगला, आई गेली तेव्हा मी जहाजावर होतो ना गं?"

"काहीतरीच काय, दादा! तो निरोप आधीचा. साधा ताप होता. जहाज लावून तू फोन केलास, शेजाऱ्यांकडे. आईला मीच धरून नेलं होतं. तुझ्याशी चांगली दहा मिनिटं बोलली. बरं वाटतंय, उगाच धावत येऊ नकोस, म्हणाली. गेली ती पुढच्या आठवड्यात, झोपेतच. कोणालाच काही करता आलं नाही रे."

"मी फोन केला होता?"

"तू जेवलास का, असंच विचारत होती सारखी."

गुरुदत्तांनी फोन खाली ठेवला. मृणालताई चहाच्या निमित्ताने केव्हाच आत गेल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्या कप घेऊन आल्या, तेव्हा ते डोळे पुसून कागदावरच्या ओळींवरून बोट फिरवत होते.

"ताई, तुम्ही लोक हे असं सगळ्यांच्या पुस्तकांत शोधता?"

"शोधत नाही. नुसतं जुळवत जातो. कधीतरी असं काही हाती लागतं."

ते पान त्यांनी घरी जाऊन नव्याने लिहिलं, त्या दहा मिनिटांसकट. ताईंनी त्यात एका शब्दालाही हात लावला नाही.

छपाईआधीची मुद्रितं मात्र त्यांनी पुण्यात मुद्रितं तपासणाऱ्या शर्वरीकडे पाठवली. "माझे डोळे आता या पुस्तकाला सरावलेत, चुकलेलं अक्षरही बरोबर दिसतं," असं कारण त्यांनी दिलं. शर्वरीने एकोणचाळीस चुका काढल्या. गुरुदत्तांनी त्या एकेक करून पाहिल्या, आणि प्रत्येक चुकीपाशी क्षणभर थांबून मान डोलावली.