एकशे तीनवर थांबलेला पारा

अंडी उबवायला एक खुडूक कोंबडी आणि एक टोपली लागते, एवढं पांढुर्ण्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वच्छलाच्या सासऱ्यांच्या, म्हणजे दादाजींच्या परसात तर अशा खुडूक कोंबड्या एक सोडून तीन होत्या. पण विकास गटाच्या कचेरीतून अंडी उबवायची पेटी एकाच घरी मिळणार आणि ती नदीपलीकडच्या सावरगावच्या यशवंतरावांनी मागितली आहे, एवढं कानावर पडलं मात्र, दादाजींच्या अंगात आलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांच्या गोटमारीत एकमेकांना दगड मारून यांची हौस फिटली नव्हती की काय, कोण जाणे. सकाळी कचेरीच्या पायरीवर जाऊन बसले ते दुपारी पेटी बैलबंडीत घालूनच घरी आले.

पेटी लाकडाची, कपाटाएवढी. पुढे काचेचं दार, बाजूला रॉकेलचा दिवा, आत पन्नास अंडी. कचेरीतला श्रीकांत नावाचा पोरगेला साहेब सोबत आला आणि माजघरात उभा राहून सगळं नीट समजावून गेला. आत एकशे तीन डिग्री ऊब पाहिजे, कमी नको, जास्त नको. अंडी दिवसातून तीनदा उलटवायची. एकविसाव्या दिवशी पिल्लं. दादाजींनी सगळं मान डोलावून ऐकलं आणि त्यातलं एकच काम स्वतःकडे ठेवलं: काचेतून थर्मामीटर पाहायचं आणि वहीत आकडा लिहायचा. अंडी उलटवणं, दिवा पुसणं, वात कापणं, पाण्याची थाळी भरणं, हे बाकीचं किरकोळ काम सुनेचं. वर गावभर सांगत फिरायचे, "मी पेटी चालवून राहिलो."

साल छप्पन. ऑक्टोबरची अकरा तारीख. म्हणजे पिल्लं निघणार एक नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत. त्याच दिवशी जुना प्रांत मोडणार होता. पांढुर्णा, सौसर नव्या मध्यप्रदेशात राहणार आणि नागपूर, काटोल मुंबई राज्यात जाणार. चौकात या विषयावर रोज भांडणं व्हायची. वच्छलाला त्या भांडणातलं एकच नाव कळत होतं, काटोल. काटोल तिचं माहेर. पॅसेंजर गाडीने जेमतेम दोन तासांची वाट, आणि तीन वर्षांत तिथे पाऊल पडलं नव्हतं. एका दिवाळीला नवऱ्याला, गुणवंताला, मुदतीचा ताप. दुसऱ्या दिवाळीला संत्र्याची तोड. तिसऱ्या दिवाळीला दादाजींच्या गुडघ्यात कळ. आता आईने निरोपावर निरोप धाडले होते की मी थकली, या भाऊबीजेला तरी ये, आणि भाऊ विनायक पाडव्याला न्यायला येणार होता.

दादाजींनी निरोप ऐकला आणि पेटीकडे बोट केलं.

"पिल्लं निघाल्याबिगर घरातलं कोणी उंबरा ओलांडणार नाही. चांगले निघाले का जाय तू खुशाल. आन् अंडे खराब झाले तर मले तोंड दाखवू नको, तिकडं सावरगावात यशवंता हसायले टपून बसला हाय."

गुणवंता तिथेच होता. पण बापापुढे बोलायचं म्हटलं की त्याला बागेतलं काम आठवायचं. ते त्याला तेव्हाही आठवलं.

आठवडाभर सगळं ठीक चाललं. अंडं उलटवताना वच्छला ते सहज पापणीला लावून पाहायची. काटोलला आई कोंबडीखालचं अंडं असंच पाहायची, तीच सवय. एकशे तीन म्हणजे पापणीला किती ऊन, हे तिला दोन दिवसांत कळून चुकलं.

आठव्या दिवशी दिवाळीची झाडझूड काढली. दाराची काच पुसायला तिने थर्मामीटर बाहेर काढून पेटीवर ठेवलं, आणि कोळ्याची जाळी काढताना केरसुणीचा दांडा लागला. थर्मामीटर खाली पडून फुटलं. पाऱ्याचे बारके मणी सारवलेल्या जमिनीवर इकडेतिकडे पळाले. वच्छलाची पाचावर धारण बसली. सांगितलं तर घर डोक्यावर घेतील, नवं थर्मामीटर नागपूरहून येईस्तोवर आठ दिवस जातील, आणि मग एक अंडं जरी कमी फुटलं तरी खापर तिच्याच डोक्यावर. काटोलचं नाव काढायला नको.

तेव्हा तिला पेटाऱ्यातलं थर्मामीटर आठवलं. गुणवंताच्या तापात डॉक्टरांनी आणवलेलं. त्याच्यावरही एकशे तीन लिहिलेलं होतंच. काच ती काच आणि पारा तो पारा, असं म्हणून तिने ते आत ठेवून दिलं. संध्याकाळी दादाजी चष्मा लावून वाकले आणि म्हणाले, "एकशे तीन." वहीत लिहिलं.

दुसऱ्या सकाळीही एकशे तीन. पण वच्छलाने अंडं पापणीला लावलं तर ते कोमट. पाहते तर दिव्याची वात काजळून बसलेली. आणि मग तिने कपाळावर हात मारला. तापाचं थर्मामीटर ते. पारा वर चढतो, पण झटकल्याशिवाय खाली येत नाही. गुणवंताच्या दुखण्यात हे तिने महिनाभर दिवसातून दहादा झटकलं होतं, आणि ऐन वेळी डोक्यातून गेलं. आता पेटी थंड पडो, दिवा विझो, ते मेलं एकशे तीनच दाखवणार.

तिने वात कापली, ज्योत वाढवली आणि तोंडातून ब्र काढला नाही. त्या दिवसापासून थर्मामीटर दादाजींचं आणि अंडी तिची. उठली की पापणीला अंडं, स्वयंपाक झाला की अंडं, निजण्याआधी अंडं. चकल्या तळताना मध्येच कढई उतरवून पेटीकडे धावायची. जीव नुसता मेटाकुटीला आला. आणि दादाजी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला वही दाखवायचे.

"पाहा. सहा दिवसांत अर्ध्या डिग्रीचा फरक नाई. माणसाचं ध्यान पाहिजे, ध्यान."

पुढच्याच दिवशी त्या ध्यानाने घात केला. दुपारी ऊन चढलं, पेटी जरा तापली, वच्छलाने लगेच वात उतरवली. पण पारा तोवर एकशे चारवर जाऊन बसला होता. दादाजींनी पाहिलं आणि घाबरे होऊन स्वतःच्या हाताने वात आणखी उतरवली. पारा हलेना. आणखी उतरवली. पारा कशाला हलतो.

"चारच दाखवून राहिलं," दादाजी घाम पुसत म्हणाले. "पेटीत आगच लागली का काय. दिवा विझवतो मी."

दिवा विझवला की अंडी गेली. वच्छलाने आत हात घालून एक अंडं चाचपलं, ते गार पडत चाललेलं. तिला रडावं की ओरडावं कळेना. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण ते आपसूक तोंडातून निघालं.

"मामाजी, सावरगावचे यशवंतराव बाहेर आलेत वाटते. पेटी पाहायले."

दादाजी धोतर सावरत बाहेर पळाले. वच्छलाने थर्मामीटर काढलं, पदराआड झटकलं आणि चुलीवरच्या पाण्यात बुडवलं. एकशे सहा. अगं बाई. पुन्हा झटकलं, पाण्यात गार पाणी ओतलं. शंभर. ओंजळभर ऊन पाणी घातलं, श्वास रोखून पाहिलं, एकशे तीन. पेटीत ठेवलं, वात वाढवली, दार लावलं, आणि दादाजी आत आले तेव्हा ती केरसुणी घेऊन उभी होती.

"कोणी नाई बाहेर. तुले काय सपनं पडून राहिले का?" ते वाकले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "पाह्य, उतरवला का नाई मी?"

"हो मामाजी," वच्छला म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती.

एक तारखेला, नरकचतुर्दशीच्या पहाटे, तिने पापणीला लावलेलं अंडं आतून टकटकलं. लक्ष्मीपूजनापर्यंत पन्नासापैकी एकतीस पिल्लं बाहेर आली. सोनेरी, ओली, मग वाळून गुबगुबीत. वच्छलाला इतका आनंद झाला की तिने पणत्या लावायच्या आधी आपलं लुगडं आणि सहा वर्षांच्या लेकीचं, छायाचं, परकर-पोलकं गाठोड्यात बांधून टाकलं. दादाजी दोन पिल्लं टोपलीत घेऊन खास नदीपलीकडे जाऊन आले.

पाडव्याच्या सकाळी विनायक दारात आला, आणि त्याच्या मागोमाग श्रीकांत. श्रीकांतच्या हातात अंड्यांचा खोका होता.

"नागपूरच्या फार्मची ही शेवटची अंडी," तो म्हणाला. "आता नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, यापुढे तिकडून अंडी येणार नाहीत. चांगल्या जातीची आहेत, आजच पेटीत लावावी लागतील." त्याने पेटी साफ करायला थर्मामीटर बाहेर काढलं, उजेडात धरलं आणि थबकला. "दादाजी, हे तर तापाचं आहे."

"डिग्री ते डिग्री," दादाजी म्हणाले. "वही पाहा, फरक दाखवा."

"फरक दिसणारच नाही. झटकल्याशिवाय याचा पारा उतरत नाही. मग इतके दिवस पेटीची ऊब सांभाळली कोणी?"

 वच्छलाला वाटलं, आता होऊन जाऊ दे एकदाचं. पदर डोक्यावर ओढून तिने सगळं सांगितलं, केरसुणीच्या दांड्यापासून चुलीवरच्या पाण्यापर्यंत. आता आकाश कोसळणार म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली.

दादाजी ओरडले नाहीत. हातातली वही मिटून त्यांनी कोनाड्यात ठेवली. 

"म्हणजे हे सारं तुले डोळ्यानं समजते," ते म्हणाले. "मंग तू काटोलले कशी जाऊन राहिली? हे अंडे कोण पाहणार?"

"तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे, वहिनी," श्रीकांत नरमाईने म्हणाला. "ही अंडी पुन्हा मिळायची नाहीत."

गुणवंता बागेकडे पाहायला लागला. विनायकने गाठोडं उचललं होतं, ते हळूच खाली ठेवलं.

वच्छलाची शिव्या खायची तयारी होती. याची नव्हती. पंधरा दिवस ती भीत होती की काम बिघडलं म्हणून अडवतील, आणि आता काम जमलं म्हणून अडवत होते. तिच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. आई तिकडे दाराकडे कान लावून बसली असेल, आणि इथे या घराला आता कुठे कळलं होतं की तिला काही येतं.

तिने पेटीचा दिवा पाहिला, तो अजून जळत होता. न फुटलेली अंडी आत तशीच होती. त्यातलं एक तिने काढलं, स्वतःच्या पापणीला लावलं आणि सासऱ्यासमोर येऊन उभी राहिली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण ती त्यांच्या इतक्या जवळ कधी उभी राहिली नव्हती.

"मामाजी, डोळा मिटा."

"काय?"

"डोळा मिटा म्हणून राहिली मी."

दादाजींनी डोळा मिटला. तिने अंडं त्यांच्या हातात दिलं आणि हात धरून पापणीला लावला.

"इतकं ऊन पाहिजे. याच्याहून चटका बसला तर वात कमी करा, गार लागलं तर वाढवा. दिवसातून तीनदा उलटवा, निजताना एकदा पाहा. दिवा रोज पुसा."

"मले समजन का हे?"

"मले समजलं ना."

ती गाठोड्याकडे वळली. छायाचा हात धरला, विनायकला खुणेने पुढे घातलं आणि श्रीकांतच्या खोक्याला वळसा घालून उंबरा ओलांडला. गुणवंता दमणीला बैल जुंपायला धावला. निदान तेवढं त्याला सुचलं.

आत दादाजी डोळा मिटून तसेच बसले होते. अंडं पापणीला, कपाळाला आठ्या.

"आता पाह्य बरं, वच्छला," ते म्हणाले. "हे बरोबर हाय का?"

श्रीकांतने दाराकडे पाहिलं. दमणी स्टेशनच्या रस्त्याला लागली होती.