सुभेदारांनी आणलेला डबा

सन एकोणीसशे त्र्याहत्तरच्या मार्गशीर्षात, रहिमतपूर येथे नाथाजींच्या घरी त्यांची कन्या बना हिला पाहण्यास पाहुणे आले. मुलाचे वडील लालासाहेब आणि चुलते आप्पासो. आप्पासो हे पेन्शनीत निघालेले सुभेदार. मुलगी फौजी घरातली हवी, एवढीच त्यांची अट होती. आणि पासष्ट सालच्या लढाईत नाथाजींनी तोफ चालविली, ही कीर्ती पंचक्रोशीत सर्वांस ठाऊक होती. ती खुद्द नाथाजींनीच पसरविलेली होती.

आप्पासोंनी पुण्याहून आणलेला डबा उघडला. "घ्या, इंग्रजी बिस्कुटं हायती."

"आगं बया! ही समदी बिस्कुटंच व्हय?" नाथाजींच्या पत्नी शालूबाई यांनी दाराआडून विचारले.

"गोड हाय, भट्टीत भाजलंय, म्हंजे बिस्कूटच की वयनी!" लालासाहेब हसले.

येथे नाथाजींनी गप्प राहावयास हवे होते. परंतु ज्या विद्येत आपण खरोखर पारंगत आहोत, तिचा विषय निघाल्यावर त्यांस मौन साधले नाही.

"न्हाई पाव्हणं. बिस्कूट म्हंजे ह्ये, कडक. ही कुकी. लोणी जादा, कडंला कुरकुरीत, मधी मऊ. अख्खा असतोय तो केक. त्याचं थर लावून, मलई घालून तुकडा कापला की पेस्ट्री. आन् ह्यो वाटीवानी, जाम भरल्याला, टार्ट. ह्यो चिमट्यानं उचलायचा, सायबाच्या डाव्या अंगानं वाढायचा..."

आप्पासोंचा हात डब्यावरच थांबला.

"नाथाजीराव, तोफखान्यात आमास्नी ह्ये कुनी शिकवलं न्हाई. कंच्या मेसमधी व्हता?"

नाथाजींच्या कानांच्या पाळ्या तापल्या. दाराआड बांगड्यांचा आवाज झाला व थांबला. आणखी एक असत्य रचावे, इतके बळ त्यांच्या अंगी उरले नव्हते.

"ऑफिसर मेस. वाढायचो. भट्टीबी बघायचो."

"आन् तोफ?" लालासाहेब.

"लांबनं ऐकली."

मग आप्पासोंनी टोपी डोक्यावर ठेवली. "वाढप्याची लेक करायला आमची ना नव्हती. त्याच्या हातचं खाऊनच आमी लढलो. पन तुमी लय वर्सं खोटं बोललासा, गड्या. पोरीला आता बाहीर बोलवू नगा. पाटावर बसवून नगं म्हनायचं, ह्ये काय बरं न्हाई."

ते दोघे उंबरा ओलांडून गेले. नाथाजी त्यांना पोहोचवावयास उठलेसुद्धा नाहीत.

शालूबाई चुलीपुढे जाऊन बसल्या. बना मात्र नव्या लुगड्यात बाहेर आली, डब्यापाशी बसली आणि एकेक जिन्नस निरखू लागली.

"आबा, ह्ये समदं तुमास्नी करता येतंय?"

"येतंय."

"मग आमास्नी कवाच कसं करून घातलं न्हाईसा?"

पाहुण्यांसमोर नाथाजींची मान खाली गेली होती, तरी डोळे उघडे होते. आता त्यांनी तेही मिटले.