कामरेट

"बाहेर चहा गेला की दार लोटून घ्यावं, पण कडी लावू नये," असं सासूबाईंनी मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं. पुरुषमाणसं काय बोलतात ते घरातल्या बाईला ठाऊक असावं, आणि तिला ते ठाऊक आहे हे पुरुषांना ठाऊक नसावं, एवढाच त्यातला हेतू. त्या बोटभर फटीतून मी आजवर दोन सोयरिकी ऐकल्या, एक बांधाचं भांडण ऐकलं, आणि लढाई सुरू होण्याच्या आदल्या आषाढात अख्खी चीनची क्रांती ऐकली.

क्रांती दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी असे, चार ते सहा. माझे धाकटे दीर गंगाधरभावजी पुण्याहून बी.ए. होऊन भोरला परतले ते एक पत्र्याची पेटी, दोन खादीचे सदरे आणि चीनच्या लाल सेनेवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन. आल्या आल्या त्यांनी आमच्या ओसरीवर अभ्यासमंडळ काढलं. उपेंद्र वकील, शाळेतले ड्रॉइंगमास्तर, आणि कचेरीत उमेदवारी करणारे चार जण. भावजी धरून सात. ह्यांना संस्थानची नोकरी, तेव्हा मंडळाच्या वेळी हे माजघरात पाटावर बसून राहत आणि आपण घरातच नाही असं समजत.

मंडळ शेतकरी-कामकऱ्यांसाठी होतं. सहा महिन्यांत एकही शेतकरी किंवा कामकरी तिकडे फिरकला नव्हता. भावजींना त्याचं फार लागे. "वहिनी, भोरात कारखानाच नाही, त्याला मी काय करू?" असं एकदा मला काकुळतीनं म्हणाले, जसा काही तो मीच कुठं फडताळात उचलून ठेवला होता.

आणि मग हैबती सापडला.

सापडला म्हणजे तो होताच. मार्गासनीच्या वरच्या अंगाला धनगरांची वस्ती आहे, तिथला हा म्हातारा. गेली आठ वर्षं बाजाराच्या दिवशी आमच्याकडे तूप घालतो, पैसे घेतो, ओट्याच्या कडेला बसून तंबाखू मळतो आणि जातो. भावजी त्याला दर बाजारी ओलांडून आत येत. त्या दिवशी पुस्तकात 'जनता' हा शब्द आला, भावजींनी मान वर केली, आणि समोर जनता तंबाखू मळत बसलेली.

"अहो, या या, वर या! इथं बसा, सतरंजीवर."

"नगं मालक. पाय चिखलाचं हायेत."

"मालक म्हणू नका. इथं कोणी मालक नाही. कॉम्रेड म्हणा."

"काय म्हनू?"

"कॉम्रेड."

हैबतीनं तो शब्द तोंडात जरा घोळवला. "काम-रेट. म्हंजी काम रेटनारा गडी. व्हय, चांगलं नाव हाये. आमच्यात बी आसा एक तरी लागतोच, न्हाईतर समदं आडून ऱ्हातंय."

वकील हसले. पण भावजींना तो अर्थ इतका आवडला की त्यांनी मूळचा सांगितलाच नाही. सात कामरेट सतरंजीवर सरकले आणि आठव्याला जागा झाली. मी चहा दिला. बोलणं समतेवर चाललं होतं आणि हैबतीचा चहा कान तुटलेल्या कपात होता. तो कप मीच वेगळा ठेवलेला, चीनवर त्याचा आळ नको. भावजींनी समतेचं वाक्य मध्येच थांबवलं, तो कप बरोबर ओळखून हैबतीपुढे सरकवला आणि वाक्य पुरं केलं.

मग वाचन सुरू झालं. लाख माणूस सहा हजार मैल चालत गेलं, डोंगर ओलांडले, नद्या ओलांडल्या. भावजींचा आवाज अशा वेळी कीर्तनकारासारखा चढे. देव नाही म्हणणाऱ्याला तो कुठून मिळाला कोण जाणे.

"संगं मेंढरं किती हुती?" हैबतीनं विचारलं.

"मेंढरं नव्हती."

"मंग चालले कशापाई?"

"मागं शत्रूचं सैन्य लागलं होतं."

"आसं. पोचली किती?"

भावजींनी पान उलटलं. "आठ-दहा हजार."

"लाख निघाली, आन् धा हजार पोचली?" हैबतीनं कप खाली ठेवला. "मालक, आमच्यात आसं झालं तर त्या मानसाच्या हातात पुन्ना काठी देत न्हाईत."

"अहो, पण तो विजय होता!"

"व्हय का? मंग हरले आसते तर किती उरले आसते?"

माजघरात ह्यांना ठसका लागला. घरात नसलेल्या माणसाला ठसका लागू नये, म्हणून मी पाणी नेऊन दिलं.

पुढं समाजवाद आला. सगळं सगळ्यांचं. जमीन सगळ्यांची, गुरं सगळ्यांची. हैबतीनं बराच विचार केला.

"मेंढरं समद्यांची, कबूल. आन् कुत्रं कुनाचं?"

"कुत्रंही सगळ्यांचं."

"मंग रानात लांडगा आला की ते कुनाच्या हाकंला येनार?"

पुस्तकाच्या शेवटी शब्दांची यादी होती. भावजींनी ती चाळली. कुत्रं नव्हतं. "हा प्रश्न पुढच्या अवस्थेतला आहे," असं वकिलांनी सांगितलं, आणि मास्तरांनी ते वहीत टिपून घेतलं.

पण एका जागी मात्र दोघांचं जुळलं. भावजी सांगत होते की चीनच्या खेड्यांतून माणसं एकत्र येतात, एकाचं शेत सगळे मिळून करतात, मग दुसऱ्याचं करतात. कोणी कोणाचा मजूर नाही.

"म्हंजी इर्जिक," हैबती म्हणाला.

"काय?"

"इर्जिक वो. एकाचं काम आडलं की समद्यांनी जायाचं, काम वडायचं, त्याच्या घरची भाकर खायाची नि आपल्या घरी यायचं. माझ्या आज्यापासनं हाये. चीनवाल्यांनी कवा सुरू क्येली?"

भावजींनी पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीनं 'इर्जिक' लिहिलं आणि पुढं उद्गारचिन्ह काढलं. त्यांचा चेहरा असा उजळला, जसा काही चीन वरंध्याच्या घाटापलीकडेच कुठंतरी असावा.

हैबतीचाही उजळला. तो सतरंजीवर पुढं सरकला.

"तर मंग मालक... कामरेट, एक काम आडलंय. आमच्या वस्तीतली सारजाबाई. गेल्या माघात तिचा दादला गेला. वढ्याच्या कडंला एकच भाताचं खाचर हाये तिचं. वस्तीतली कर्ती मानसं, बाया-पोरींसुदिक, मेंढरं घिऊन खाली देशाला गेली, ती येत्यात दिवाळीला. हितं आमी म्हातारी ऱ्हायलो. रोप तयार हाये. सोमवारपातूर लागलं तर लागलं, न्हाईतर जून हुतंय, मंग गुरांनी खावं. आन् खाचर पड ऱ्हायलं की तिचा चुलतदीर टपलाय. 'बाईच्यानं हुईना' म्हनून त्यानं एकदा औत घातलं, की ते खाचर तिचं ऱ्हात न्हाई. बैल माजं हायेत, चिखल म्या करतो. हात पायजेत."

भावजी उठून उभे राहिले. क्रांती समोर येऊन बसते, पत्ता सांगते, वारही सांगते, असं कोणाच्या नशिबी येतं?

"मित्रहो, मी ठराव मांडतो! सारजाबाईंच्या खाचराची सामुदायिक लावणी करण्यास हे मंडळ बांधील आहे." वकिलांनी अनुमोदन दिलं. सात हात वर गेले. मास्तरांनी तर दोन्ही वर केले होते, ते मोजताना एक खाली घ्यायला लावला.

"म्हंजी ठरलं?" हैबतीनं विचारलं.

"ठरलं! एकमतानं."

"समदे येनार? सोमवारी?"

"सगळे."

"बरं. आन् बाया किती?"

सात कामरेट एकमेकांकडे पाहू लागले.

"न्हाई म्हंजी, चिखल गड्याचा, लावनी बायांची. गड्यांचं हात जड पडत्यात, रोप मोडतंय. सात गडी काय करनार? बाया किती येनार ते सांगा, म्हंजी सारजाबाईला तशा भाकरी थापायला सांगतो."

मी दाराआड वाती वळत होते. देवाच्या वाती हातात असताना बोललेलं बोलणं मागं घेऊ नये असं कुठल्या पोथीत आहे की नाही ठाऊक नाही. माझ्याच्यानं ते होत नाही, एवढं खरं.

"मी येईन," मी म्हटलं.

ओसरीवर हशा झाला. "वहिनींचाही पाठिंबा!" वकील म्हणाले. भावजींनी टाळी वाजवली. हैबती तेवढा हसला नाही. त्यानं एक बोट दुमडलं. "वैनी एक," तो म्हणाला, काठी उचलली आणि बाजार उठायच्या आत निघाला.

मधले चार दिवस ओसरीवर फार उत्साह होता. मास्तरांनी एका फळ्यावर विळा-हातोडा काढला. विळा फार सुरेख आला होता, पण त्याची मूठ उलटीकडे होती. त्या विळ्यानं गवत कापायला उभं कुठं राहायचं ते मला कळलं नाही. चित्र होतं ते.

रविवारी संध्याकाळी मंडळ खास जमलं. सोमवारची तयारी करायची होती. वकिलांना सोमवारी तारीख निघाली. मास्तरांच्या बोटांत चिखल्या होतात आणि शाळेत बूट घालावे लागतात. उमेदवारांपैकी एकाला पडसं होतं, दुसऱ्याला ते उद्या होईल असं वाटत होतं, तिसऱ्याच्या वडलांनी विचारलं होतं की धनगराच्या खाचरात तुझं काय गाडलंय, आणि चौथा तिसऱ्याला सोडून कसा जाणार? सहा जण असे गळाले. सातव्याच्या आड तत्त्व आलं.

"मला जायला काहीच हरकत नाही," भावजी म्हणाले, "पण याचा शास्त्रीय विचार व्हायला हवा. एका बाईचं एक खाचर लावून दिलं, तर त्यातून साधतं काय? तिचा असंतोष शमतो. असंतोष शमला की जाणीव बोथट होते. चीनमध्ये—"

"म्हणजे खाचर गेलेलं बरं?" हे माजघरातून म्हणाले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच हे घरात होते.

"दादा, व्यापक दृष्टीनं पाहिलं तर, हो."

मग ठरावाला दुरुस्ती आली. 'लावणी करण्यास बांधील आहे' याऐवजी 'लावणीस संपूर्ण सहानुभूती व्यक्त करीत आहे'. हीही एकमतानं. भावजींनी ती सुवाच्य अक्षरात लिहून काढली, सगळ्यांनी सह्या केल्या, आणि सकाळच्या मोटारीबरोबर मार्गासनीला पाठवायचं ठरलं. सारजाबाईला वाचता येत नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. आलं असतं तर साक्षरतेचा आणखी एक ठराव झाला असता.

मी चहाचे कप उचलायला बाहेर गेले. म्हटलं, "भावजी, त्या बाईनं भाकरी किती थापायच्या?"

"वहिनी, तुम्हाला कळत नाहीये. प्रश्न भाकरीचा नाही."

"बरं," मी म्हटलं. एवढे महिने मला वाटत होतं की या मंडळाचा सगळा प्रश्न भाकरीचाच आहे.

"आणि उद्या तुमचा सोमवार," भावजी समजुतीनं म्हणाले. "उपास. तुम्ही तर तशाही जाऊ शकत नाही."

सोमवारी मी नेहमीपेक्षा आधी उठले. अंघोळ केली, देवाची पूजा आटोपली, तुळशीला पाणी घातलं, महादेवाला घरातूनच हात जोडले. देवळात जायला वेळ नव्हता आणि तो जाणता आहे. भात-पिठलं करून झाकून ठेवलं. जुनं नऊवारी लुगडं घट्ट कासोटा घालून नेसले. फडक्यात चार रताळी बांधली, उपासाची.

चुलीपाशी हे येऊन उभे राहिले.

"कुठं निघालीस?"

"मार्गासनीला."

"एकटी?"

"एक बोट दुमडून गेलाय तो."

ह्यांना कळायला जरा वेळ लागला. "तुला भात लावता येतं?"

"महाडला लहानपणी लावलंय, आईची बोलणी खाऊन. येईल हळूहळू. मोडलं एखादं रोप तर सारजाबाई रागावेल, आणखी काय?"

"लोक काय म्हणतील?"

"काही म्हणतील. तुम्ही जेवून घ्या, पिठल्यात मीठ कमी आहे."

बाहेर पाऊस भुरभुरत होता. ओसरीवर भावजी गाढ झोपले होते. उशाशी पुण्याच्या साप्ताहिकाला पाठवायचा लेख होता, चीनच्या शेतकऱ्याच्या जागृतीवर, आणि त्यावर ती सहानुभूती घडी घालून ठेवलेली. मोटारवाल्याकडे ती द्यायला उठणार कोण, हे काल ठरायचं राहून गेलं होतं. मी ती घेतली नाही. ती काही माझी नव्हती.

डोक्यावर पोत्याची खोळ घेतली, पायऱ्या उतरले. नसरापूरपर्यंत पहिली मोटार मिळणार होती, पुढं कोणाची गाडी भेटली तर गाडी, नाहीतर चालत. दुपार व्हायच्या आत पोचायचं म्हणजे पाय उचलायला हवे होते. पेठेत अजून दुकानं उघडली नव्हती. मी पदर खोचला आणि चिखल चुकवत मोटारीच्या नाक्याकडे निघाले. मग म्हटलं, आज चिखल चुकवून काय करायचंय, आणि सरळ मधून चालू लागले.