उजवी सीट

"ती पट्टी ठेवून नाही का चालणार?" एवेलियोने तिसऱ्यांदा विचारलं.

गाडीखालून जावयाचे फक्त बूट दिसत होते. "नाही चालणार, पद्रिनो," बूट म्हणाले. "नवीन शॉकअपचा टॉवर तिथेच वेल्ड करायचा आहे. चॅसी साफ पाहिजे."

पद्रिनो म्हणे! बाप्तिस्म्याच्या दिवशी यादिराला हातांवर घेतलं होतं एवेलियोने, तेव्हा तो तिचा पद्रिनो, मानलेला बाप. लग्नाबरोबर तिच्या नवऱ्यालाही मानलेला बाप आंदण मिळतो, असं कुठल्या पाद्र्याने त्याला सांगितलं होतं कोण जाणे.

यादिराचा सख्खा बाप रुतिलियो ग्राइंडर घेऊन आला आणि त्याने तो एवेलियोच्या हातात दिला. मुलीचा पद्रिनो तो बापाचा कोंपाद्रे, भावासारखा. "तूच लावली होतीस, कोंपाद्रे. तूच काढ."

ती पट्टी त्या दोघांनी फार वर्षांपूर्वी मेस्कितच्या झाडाखाली, दोन बॅटऱ्या जोडून वेल्ड केली होती. शर्यत चालू होती, चॅसी तडकली होती आणि मागून येणाऱ्या गाड्या अंगावर धूळ उडवत पुढे जात होत्या. जोड ओबडधोबड झाला होता, पण त्यानंतर चॅसी कधी तडकली नाही. एवेलियोने चष्मा चढवला आणि ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या.

ओहोस नेग्रोस गावात एवेलियो मुरियो म्हणजे रस्त्याकडेचा पंक्चरवाला. वर्षभर लोक त्याला ओळखत ते टायरवरून. "अरे, तो टायर रंगवून पाटी केलेला, त्याच्या पुढे वळा," असं. पण नोव्हेंबरात वाळवंटातली दोन दिवसांची गाड्यांची शर्यत आली की चित्र बदलायचं. मग तो रुतिलियोच्या पिकअपमध्ये उजव्या सीटवर बसायचा. रुतिलियो डावीकडे बसून गाडी हाकायचा, एवेलियो उजवीकडे बसून रस्ता सांगायचा. दरड, नाला, वाळू, गाय. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लोक. या भागात प्रेक्षकांना गाड्या नुसत्या जाताना बघून समाधान होत नाही, त्या उडताना बघायच्या असतात. म्हणून रात्रीतून कुणीतरी रस्त्यात खड्डा खणून ठेवतो आणि सकाळी सगळे बिअर घेऊन तिथे उभे राहतात. वळण नाही, सावली नाही, तरी माणसं गोळा झालेली दिसली की समजायचं, पुढे खड्डा. एवेलियोला ती सगळ्यांच्या आधी दिसायची. तो फक्त म्हणायचा, "कोंपा, लोक," आणि त्याचं वाक्य संपायच्या आत रुतिलियोचा पाय ब्रेकवर गेलेला असायचा.

ही जोडी कधी पहिली आली नाही. दोनदा शेवटून पहिली आली. पण शर्यतीच्या त्या दोन दिवसांच्या जिवावर एवेलियो उरलेलं वर्ष काढायचा. त्याची बायको मेल्बा म्हणायची, "तुझं लग्न माझ्याशी लागलं ही पाद्र्याची चूक. तुला रुतिलियोलाच द्यायला पाहिजे होतं."

आणि आता हा जावई, ब्रँडन. सीमेपलीकडे जन्मला, तिकडेच वाढला. इथल्या भाषेत बोलायला लागला की शब्द शोधत चाचपडायचा. दिसायला दणकट, दंडावर गोंदण, आणि हात मात्र खरंच चांगले. एवेलियोला तेच सहन होत नव्हतं. माणूस अडाणी असता तर हसता तरी आलं असतं. चार महिने दर खेपेला एकेक खोकं घेऊन तो आला होता. लांब लांब आर्म, हातभर उंचीच्या स्प्रिंगा, बाहेर फुगलेले फायबरचे मडगार्ड. आता पुढची चाकं दोन्हीकडे तळहातभर बाहेर येणार होती आणि खड्ड्यात पाय सोडावा तशी खाली जाऊन परत वर येणार होती. शर्यत पुढच्या शनिवारी होती. ब्रँडनला उद्या, रविवारी, कामासाठी परत जायचं होतं, तो उगवणार थेट शर्यतीच्या आदल्या रात्री. म्हणजे जे काही व्हायचं ते आजच, रुतिलियोच्या अंगणात, चार लोखंडी घोड्यांवर चढवलेल्या या गाडीला व्हायचं होतं.

उजव्या सीटवर कोण बसणार, हे सकाळपासून कुणी बोललं नव्हतं. एवेलियोनेही विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत असं विचारायची वेळच आली नव्हती.

पट्टी निघाली. ती खाली पडली तेव्हा रुतिलियोने एकदा तिच्याकडे बघितलं आणि पायाने बाजूला सारली. एवेलियोला ते लाथ मारल्यासारखं लागलं.

दुपारी यादिराने माचाकाचे, म्हणजे सुक्या मांसाचे, बुरितो आणले. सगळे हात धुवायला गेले तेव्हा एवेलियो सावलीत ठेवलेल्या शेवटच्या खोक्यापाशी गेला. आत दोन नवी हेल्मेट होती, कानाशी रेडिओ लावलेली. एक रुतिलियोच्या मापाचं, ते त्याने बघूनच ओळखलं. दुसरं त्याने स्वतःच्या डोक्यावर चढवलं. भांड्यात चमचा फिरावा तसं त्याचं डोकं आत फिरलं. त्याने मान डावीकडे वळवली, हेल्मेट समोरच बघत राहिलं.

"पद्रिनो, किती गोड दिसतोस!" यादिरा दारातून हसली. मग तिचा चेहरा एकदम उतरला. "पापा... बोलले नाहीत का तुझ्याशी?"

"कशाबद्दल?" एवेलियो म्हणाला आणि हेल्मेट काढून जिथल्या तिथे ठेवलं. तिने दिलेला बुरितो त्याने खाल्ला, पण कसा लागला ते त्याला सांगता आलं नसतं.

जेवणानंतर तो पहिला उठला. हत्यारांच्या फडक्यावर आकडीचा एक छोटा पाना पडला होता. स्प्रिंगच्या डोक्यावर दातेरी रिंग असते, ती फिरवली की गाडी वर-खाली होते. ती रिंग त्याच पान्याने नीट फिरते, दुसऱ्या कशाने नाही. एवेलियोने इकडेतिकडे बघितलं. कुत्रा कानेलो तेवढा बघत होता. त्याने पाना उचलला आणि विजारीच्या खिशात टाकला.

त्याने असं का केलं? सांगण्यासारखं काही कारण नव्हतं. बसू दे बोंबलत, एवढंच त्याच्या मनात आलं. साठीला टेकलेल्या माणसाला शोभत नाही हे त्यालाही कळत होतं, पण मत्सराला वय नसतं आणि लाज तर त्याहून नसते. पुढचे दोन तास त्याने आर्मचे बोल्ट पिळले, ब्रेकचे लांब पाइप जोडले, ब्रेकमधली हवा काढायला पेडल दाबून दिलं. अगदी मन लावून. आणि मांडीला पाना टोचत राहिला.

"पाना कुठंय?" ब्रँडनने शेवटी विचारलं. "छोटा. आकडीवाला. इथेच ठेवला होता."

शोधाशोध झाली. खोकी उलटी झाली, फडकी झटकली गेली. एवेलियोनेही शोधला. गाडीखाली वाकून, अगदी कण्हत कुथत शोधला.

"कुत्र्याने नेला असेल," रुतिलियो म्हणाला. तो हे बोलला तेव्हा त्याची नजर कुत्र्याकडे नव्हती. "चल कोंपाद्रे, टाकीमागे बघू."

पाण्याच्या टाकीमागे बघण्यासारखं काही नव्हतं. लसूणघासाच्या चार जुन्या गासड्या होत्या. रुतिलियो एकीवर बसला.

"यादिरा म्हणाली तुला कळलंय."

"हेल्मेटने सांगितलं. तुझ्यापेक्षा तेच बरं."

"मी सांगणारच होतो."

"कधी? शर्यत संपल्यावर?" एवेलियोचा आवाज चढला. "माझे डोळे गेलेत का? पाय गेलेत? टायर बदलायला मला तुझ्या जावयापेक्षा जास्त वेळ लागतो का? सांग ना!"

"नाही लागत."

"मग? खोकी आणली म्हणून? तसं असेल तर सांग, मीपण कुठून तरी खोकी आणतो!"

रुतिलियो गासडीतल्या काड्या उपसू लागला. "दोन वर्षं झाली लग्नाला," तो म्हणाला. "येतो, जेवतो, यादिराला घेऊन जातो. मी विचारतो, काम कसं चाललंय? तो म्हणतो, छान. मग दोघंही ताटाकडे बघतो. मला दुसरं काही बोलताच येत नाही रे कुणाशी. मला येतं ते त्या गाडीत येतं. तुला माहितीये."

एवेलियोला माहीत होतं. रुतिलियोची आई गेली तेव्हा तो घरी रडला नव्हता, गाडीत रडला होता, तेही भर वेगात. त्याच्या बायकोचं आजारपण, यादिराचं पळून जायचं खूळ, सगळं एवेलियोने उजव्या सीटवरूनच ऐकलं होतं. म्हणूनच त्याला जास्त राग आला. नुसती सीट गेली असती तर चाललं असतं. त्या सीटवर बसून जे ऐकायला मिळायचं तेही आता दुसऱ्याला मिळणार होतं.

"मग मी कुणाशी बोलू?" तो म्हणाला.

रुतिलियोने उठून विजारीवरच्या काड्या झटकल्या. दोघं परत आले.

संध्याकाळपर्यंत गाडी चाकांवर उभी राहिली. शेजारीपाजारी बिअर घेऊन बघायला जमले होते. गाडी बेडकासारखी दिसत होती, पुढचे पाय फाकून बसलेली. उजवीकडे किंचित कललेली.

"माणसं बसवून लेव्हल बघायला हवी," ब्रँडन म्हणाला. "मी खाली असणार. पापा डावीकडे. उजवीकडे..." त्याने अंगणभर नजर फिरवली. "पद्रिनो, तुम्ही बसता?"

एवेलियो चढला. इतक्या वर्षांत सीटचा फोम त्याच्या बुडाच्या आकाराचा झाला होता. क्षणभर त्याला वाटलं, झालं गेलं सगळं खोटं होतं. मग ब्रँडनने खिडकीतून त्याच्याकडे आपादमस्तक बघितलं. "माझं वजन जास्त आहे," तो अडखळत म्हणाला. "सॉरी हं." आणि त्याने पाण्याचा भरलेला कॅन उचलून एवेलियोच्या मांडीवर ठेवला.

कुंपणापाशी कुणीतरी हसलं. "एवेलियो, कितवा महिना?"

जणू त्याच्या सीटवर जावईच बसला होता, एवेलियोने फक्त त्याचं वजन धरलं होतं. कॅनखाली तो पाना मांडीत रुतत होता.

ब्रँडनने मापं घेतली. "उजवी बाजू कमी आहे. रिंग फिरवावी लागेल." त्याने सुस्कारा सोडला आणि छिन्नी-हातोडा उचलला. "दात जातील, पण इलाज नाही. नीट बसणारही नाही, पण चालेल."

चालेल! एवेलियोने डावीकडे बघितलं. रुतिलियो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. कललेली गाडी नाल्यात कशी फेकली जाते, ते एवेलियोने उजव्या सीटवरून पाहिलं होतं. त्या वेळी आत ते दोघं होते. या वेळी दोघांपैकी एक, रुतिलियो, नक्की असणार होता. मत्सर अजून तस्साच होता, तसूभरही कमी झाला नव्हता. तरी त्याने कॅन एका हाताने सावरला, दुसरा हात खिशात घातला.

"ए," त्याने खिडकीतून हात बाहेर काढला. "हा घे. सीटखाली होता."

ब्रँडनचा चेहरा उजळला. "थँक यू, पद्रिनो! थँक यू!"

"कुत्रा प्रामाणिक निघाला," रुतिलियो समोर बघतच म्हणाला.

गाडी जॅकवर गेली, रिंग फिरली, गाडी खाली आली. "आता थोडी पुढे-मागे ढकलू," ब्रँडन म्हणाला, "म्हणजे स्प्रिंग बसेल. पापा, न्यूट्रल ठेवा." तो आणि दोन शेजारी मागे गेले.

गाडी हलली. इंजिन बंद, धूळ नाही, आवाज फक्त कॅनमधल्या पाण्याचा. फाटकापाशी यादिरा, तिची आई आणि गल्लीतली अर्धी माणसं हातात बाटल्या घेऊन उभी होती, सगळ्यांची तोंडं गाडीकडे.

"कोंपा, लोक," एवेलियो म्हणाला. मनात काही नव्हतं, तोंडातून आपोआप गेलं.

गाडी खाडकन थांबली. पाणी उसळून एवेलियोच्या मांडीवर सांडलं. मागे धप्पकन कुणीतरी आपटलं.

"ब्रेक कुणी मारला?" ब्रँडन ओरडला. "पापा? काय झालं?"

रुतिलियो आपल्या पायाकडे बघत होता. पाय अजून पेडलवरच होता, पूर्ण दाबलेला.

एवेलियोने कॅन सरळ केला, दोन्ही हातांनी कवेत धरला. मग त्याने नीट बघितलं, आधी डावीकडे, मग उजवीकडे, जसं दर वेळी बघायचा.

"रस्ता मोकळा आहे, कोंपा," तो म्हणाला. "सोड."