पडवीतला फ्रिज आणि बतूलचं पेन

मी एक जुना फ्रिज आहे. रंगाने लाल, एका दाराचा. रोह्यापलीकडे अष्टमी गावात, बतूलच्या घराच्या मागच्या पडवीत उभा असतो. दाराला गंज चढलाय, चालू होताना माझा घसा खरखरतो. पण मित्रांनो, या घरातली सगळ्यात नाजूक वस्तू आज माझ्याकडे आहे!

मी कारखान्यातून निघालो तेव्हा आरशासारखा चकचकीत होतो. बतूलचे यजमान झुबेर कुवेतला नोकरीला लागले आणि पहिल्याच सुट्टीत त्यांनी मला घरी आणलं. रमजानात सरबतासाठी सगळी आळी माझ्याकडचा बर्फ न्यायची. बतूल मला रोज पुसायची. "माझा लाल फ्रिज" म्हणताना तिचा आवाज बदलायचा.

मग घरात दोन दारांचा नवा फ्रिज आला आणि माझी रवानगी पडवीत झाली. एका उन्हाळ्यात तर माझी वायर काढून माझ्यात कांदे भरले. फ्रिज म्हणून जन्मलो आणि कांद्याचं कपाट झालो! वाईट वाटलं, पण बोलणार कुणाला?

मधल्या काळात बतूलचं वजन खूप वाढलं. चौऱ्याण्णव किलो. साखर वाढली, गुडघे धरले. ती खुर्चीवर बसून नमाज पढू लागली. पडवीत खुर्ची मांडायची आणि नमाज झाल्यावर जमिनीकडे बघत बसायची. एकदा मुलीला, आमनाला, म्हणाली, "कपाळ जमिनीला टेकवून किती वर्षं झाली गो."

आमना तिला पेणला डॉक्टर डेबोरांकडे घेऊन गेली. त्यांनी रक्त तपासलं, घरात कुणाला कसले आजार झाले ते विचारलं आणि मगच औषध लिहून दिलं. आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं इंजेक्शन, पेनासारखं.

"पेणहून पेन आणलंय, अब्बू!" आमनाने व्हिडिओ कॉलवर सांगितलं.

"आता उपाशी ठेवणार काय तिला?" झुबेर घाबरले.

"नाय वो," बतूल म्हणाली. "जेवल्यावर आपल्या आतड्यातनं एक हार्मोन निघतो. तो डोक्याला सांगतो, पोट भरलं, आता बस. हे औषध तसंच सांगतं. माझ्या डोक्याला ऐकूच येत नव्हतं ना!"

पण हे औषध थंड हवं आणि गोठता कामा नये. नव्या फ्रिजने त्याच आठवड्यात कोकमाच्या सरबताचा दगड करून ठेवला होता. शेवटी आमनाने मला धुतलं, वायर जोडली, आत एक छोटं थर्मामीटर ठेवलं. दोन दिवस मी चार-पाच अंशांवर स्थिर राहिलो. "म्हातारा भरवशाचा हाय," बतूल म्हणाली. मित्रांनो, त्या दिवशी माझी खरखरही मला गाण्यासारखी वाटली.

सुरुवातीचे दिवस सोपे नव्हते. बोंबलाच्या नुसत्या वासाने बतूलला मळमळायचं. डॉक्टर म्हणाल्या, थोडं खा, सावकाश खा, तळलेलं नको. डोस हळूहळूच वाढवायचा. बतूलने ऐकलं. सकाळी कुंडलिका नदीच्या पुलावरून चालायला लागली. पाच महिन्यांत अकरा किलो उतरले. एका दुपारी तिने खुर्ची बाजूला सरकवली, चटई अंथरली, आणि माझ्यासमोर तिचं कपाळ जमिनीला टेकलं. उठली तेव्हा रडतही होती, हसतही होती.

ही बातमी आळीभर झाली. शेजारच्या भूमिकाचं लग्न ठरलं होतं. एका दुपारी बतूल बाजारात गेलेली असताना ती मागच्या दाराने आली. माझं दार उघडून तिने पेन उचललं. आणि मी? थंड करण्यापलीकडे मला काय येतं!

एवढ्यात बतूल पिशवी घेऊन आत आली.

"भूमिका! काय करतेस गो?"

"मावशी, एकच टोचू दे. नवीन सुई आणलीय मी. होणाऱ्या सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'लग्नापर्यंत जरा बारीक हो.'" आणि ती रडायला लागली.

बतूलने पिशवी खाली ठेवली. "जाडी" हा शब्द तिनेही पुष्कळ ऐकला होता. क्षणभर वाटलं, ती "हो" म्हणेल. पण तिने फोन काढला आणि स्पीकरवर डॉक्टरांना सगळं सांगितलं.

"आधी पेन जागेवर ठेव, बतूल," डॉक्टर म्हणाल्या. "सुई बदलली तरी एकाचं पेन दुसऱ्याने वापरायचं नाही. रक्तातून आजार जातात. भूमिका, उंची किती? वजन?"

भूमिकाने सांगितलं.

"अगं, मग वजन अगदी ठीक आहे तुझं. हे औषध तुझ्यासाठी नाहीच. आज जेवलीस काय?"

"चहा घेतला."

"काल?"

"कालही चहाच," भूमिका म्हणाली. दुसऱ्या दिवशी बतूल स्वतः तिला पेणला घेऊन गेली. रक्त फारच कमी निघालं. महिनाभर उपाशी राहून पोरीला चक्कर यायची, आणि तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. इंजेक्शनऐवजी लोहाच्या गोळ्या मिळाल्या, आणि बतूलच्या हातची डाळ, अंडी, भाकरी. दीड महिन्यात तिच्या गालांवर लाली आली.

लग्नाच्या आधी बतूलने नवरा मुलगा सुजय आणि त्याची आई सीताबाई यांना जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर सगळं स्पष्ट सांगितलं. सुजयला तिच्या उपाशी राहण्याचं काहीच ठाऊक नव्हतं. तो आईला म्हणाला, "आये, मला हीच आवडली. अशीच." सीताबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी भूमिकाचा हात हातात घेतला. "चुकलं गो माझं," एवढंच म्हणाल्या.

निघताना त्या पाणी प्यायच्या निमित्ताने पडवीत आल्या. गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "बतूलबाय, खरं सांगू? बारीक व्हायचं तर मलाच हाय. जिना चढवत नाय. ते तुमचं पेन जरा..."

बतूल खळखळून हसली. "डॉक्टरीणबाईंचा नंबर देते. पेन नाय देणार!"

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्यांना लगेच भंगारात काढू नका. दुसऱ्याच्या नावाचं औषध मागू नका, देऊही नका. आणि कुणाच्या अंगाकडे बघून काही बोलायचंच असेल, तर आधी "जेवलीस का?" एवढं विचारा.