सोळा फॉर्म, एकच अक्षर

योगराजने सोळा फॉर्म टेबलावर पसरले आणि चुन्नीलालकडे न पाहताच म्हणाला,

"चाचा, हे सगळं एकाच हातचं अक्षर आहे."

"माझंच जी. बाया सांगत गेल्या, मी लिवत गेलो."

"अरे, कोण बोललं ते कळू नये म्हणून तर हे फॉर्म काढले ना?"

"मग नाव कुठं लिवलं जी?"

कुडवा गावाबाहेरच्या या राईस मिलमध्ये चुन्नीलाल बावीस वर्षं मुन्शी म्हणून हजेरी मांडत होता. मालकाचा मुलगा योगराज नागपूरहून एचआरचं शिकून आला, कामगारांचं मन जाणून घ्यायचं त्यानं मनावर घेतलं आणि बिननावाचे तक्रारीचे फॉर्म वाटले. बायांना कुठं लिहिता येत होतं? जेवणाच्या सुट्टीत त्या मुन्शीपुढे येऊन बसल्या. कुणाला संडासाला कडी हवी होती, कुणाला कोंड्याच्या धुळीत नाकाला बांधायला फडकं. कीर्तनात बुवांच्या तोंडचं जसंच्या तसं टिपून घ्यायची चुन्नीलालची जुनी सवय. बायांचंही त्यानं तसंच उतरवलं, काना-मात्रा न बदलता.

योगराजने एक फॉर्म पुढे सरकवला.

"वाचा."

"सुपरवायझर पोते मोजाच्या निमतानं माझ्या अंगाले हात लावते. बोलली तं काढून टाकीन म्हणते." चुन्नीलालनं वाचून फॉर्म पालथा ठेवला.

सुपरवायझर शालीकराम हा योगराजचा सख्खा मामा.

"हे तर तुमचं नाही ना? मग कोणाचं?"

काल सुट्टीत बाकी सगळ्या बाया उठून गेल्यावर मंजू एकटीच मागं थांबली होती. पदराचं टोक दातात धरून, जमिनीकडे पाहत तिनं एवढंच सांगितलं होतं. दोन लेकरं आणि आंधळी सासू तिच्या एका हातावर जगत होती.

"नाव सांगाचं नाही म्हटलं होतं तुमी."

"ते फॉर्मवर. आता मी विचारून राहिलो. सांगत नसाल तर तुम्हीच मनानं लिहिलं, असं धरतो. हजेरीचं म्हणाल, तर चेहरा पाहून हजेरी लावणारी मशीन सोमवारी येतेच आहे."

चुन्नीलालनं खुर्चीची पाठ धरली. साठीला टेकलेल्या माणसाला आता दुसरीकडे कामावर कोण उभं करणार? पांडुरंगा, असं तो मनात म्हणाला, पण पुढचं मागणं काही सुचेना.

"कागद द्या जी. लिवून देतो."

योगराजचा चेहरा सैलावला. त्यानं स्वतःचा पेन उघडून दिला. चुन्नीलालनं हजेरीपटावर लिहावं तसं सावकाश, पूर्ण नाव लिहिलं आणि कागद फिरवून ठेवला.

योगराजनं वाचलं. पुन्हा वाचलं.

"रेणू? ही तर तुमची मुलगी. वर्ष झालं तिला इथलं काम सोडून."

"हो जी. तवा मी तिले आळशी म्हटलो." चुन्नीलालनं पेन टेबलावर ठेवला. "काम काऊन सोडलं, हे मी तिले काल, हा फॉर्म लिवून घरी गेल्यावर, पहिल्यांदा विचारलं."